दोनदा वाचलेली चिठ्ठी

आपल्या जबलपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून संपादक तीन दिवाळ्या माझ्या मागे आहेत. कॉम्प्युटरमधल्या गमतीजमती लिहा, लोकांना हलकंफुलकं आवडतं, असं त्यांचं म्हणणं. मी एकोणतीस वर्षं इथल्याच रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर लिहिले. गमती घडल्या, नाही असं नाही. पण निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी माझा एका गोष्टीवरचा राग उतरलेला नाही, आणि तो पोटात ठेवून मला गमती सुचत नाहीत. तेव्हा हे घ्या. छापायचं की नाही ते संपादकांनी बघावं.

माझं काम काय होतं हे माझ्या सख्ख्या नणंदेलाही अजून कळलेलं नाही. तिचा प्रिंटर अडकला की ती मला फोन करते. म्हणून आधी तेवढं सांगते, कंटाळा करू नका, पुढचं सगळं त्यावरच आहे.

कॉम्प्युटरमध्ये तुम्ही जे वापरता, म्हणजे फोटो बघायचे, पत्र लिहायचे, ते सगळे प्रोग्राम. प्रत्येकाला मेमरीतली आपापली जागा दिलेली असते आणि दुसऱ्याच्या जागेत त्याला डोकावता येत नाही. या सगळ्यांच्या खाली जो आतला कारभार चालतो त्याला कर्नल म्हणतात. कर्नलला कोणाच्याही जागेत हात घालता येतो, त्याला अडवणारं कोणी नाही. आमचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या कार्डाला चालवणारा प्रोग्राम, या कर्नलमध्ये बसतो. प्रोग्राम त्याच्याकडे एक चिठ्ठी देतो: माझं चित्र अमुक पत्त्यावर ठेवलंय, एवढं एवढं लांब आहे, कार्डाला सांगून पडद्यावर दाखव. ड्रायव्हरने ती चिठ्ठी तपासायची. हा पत्ता खरंच तुझ्या जागेतला आहे का? तू सांगतोस तेवढी लांबी मोजली तर तुझी हद्द ओलांडून शेजाऱ्याच्या घरात तर जात नाही ना? हे न बघता कार्डाला सोडलं, तर ते कोणाचंही काहीही उचलून पडद्यावर आणील. तपासणं हेच ड्रायव्हरचं अर्ध्याहून जास्त काम. चित्र दाखवणं सोपं आहे हो.

रिछाईतल्याच एका डबे बनवणाऱ्या कारखान्यात आमचं कार्ड होतं. त्यांच्या प्रोग्रामने एकदा चित्राची लांबी उणे चार सांगितली. आमच्या ड्रायव्हरने ती चिठ्ठी फेकून दिली आणि पडदा काळा पडला. मालक स्वतः स्कूटरवर आला, तणतणत. म्हणाला, मैडम, आपका ड्राइवर बड़ा शक्की है. मी म्हटलं, भैया, शक करण्याचाच त्याला पगार आहे. उणे चार लांबीची वस्तू तुमच्या कारखान्यात बनत असेल तर एक नमुना पाठवून द्या. तो बिचारा हसून गेला आणि त्याने आपला प्रोग्राम सुधारून घेतला. अशी ही आमची नोकरी, आणि मला तिचा माज होता, हेही कबूल करते.

आता एक शेवटची बारकाई. चिठ्ठी तपासायची कशी? प्रोग्रामच्या जागेत ठेवलेली चिठ्ठी तिथल्या तिथे वाचायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. आधी ती आपल्याकडे उतरवून घ्यायची. मग उतरवलेली तपासायची आणि कार्डाला पाठवायचं तेही त्या उतरवलेल्यावरून. कारण मूळ चिठ्ठी त्याच्या हातात असते. तुम्ही वाचून मान वर करेपर्यंत तो त्यावर दुसरं काही लिहून मोकळा होतो, आणि तुम्ही दुसऱ्यांदा वाचायला गेलात तर तपासलं एक आणि वापरलं भलतंच. हे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात शिकवत असे. पाठ म्हणवून घेत असे.

आणि हाच नियम मी स्वतः मोडला.

झालं असं. फिल्म जाऊन पडद्यावर एक्सरे बघायचे दिवस आले, तसं आमच्या कंपनीने हॉस्पिटलांसाठी एक सेट काढला: पडदा, कार्ड, आणि आमचा ड्रायव्हर. वरचा प्रोग्राम बाहेरच्या लोकांचा. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचे डॉक्टर तो बघायला येणार होते आणि चित्रं बदलताना पडदा किंचित अडखळत होता. आमचे मॅनेजर तिवारीजी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांचं म्हणणं एकच, एवढी लांबलचक चिठ्ठी उतरवण्यात वेळ जातो, ते काढून टाका. मी दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, तपासणी तर राहीलच ना, फक्त उतरवणं काढायचंय. आणि मी मान डोलावली. मनात म्हटलं, वरचा प्रोग्राम काही चोराचा नाही, सभ्य लोकांनी लिहिलाय, चिठ्ठी मध्येच कशाला बदलेल? एकोणतीस वर्षांत मी शहाणपणाच्या पुष्कळ गोष्टी केल्या, पण लक्षात राहिली ती ही.

डॉक्टर खूश झाले, सेट गेला. पुढे इतर ठिकाणीही गेले.

सात-आठ महिन्यांनी तिवारीजी चहाच्या वेळी एक टाइप केलेला कागद घेऊन आले. त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात दोन माणसांचे एक्सरे उलटेपालटे झाले होते. जवळच्या पनागर गावचा एक मटर-टमाटर लावणारा शेतकरी साधा ताप म्हणून आला होता, त्याच्या नावावर दुसऱ्याच्या छातीचं चित्र लागलं आणि फुप्फुसावर डाग आहे म्हणून त्याला नागपूरला धाडलं. घरची माणसं रडत त्याच्याबरोबर गेली. डाग ज्याच्या छातीत होता तो शहरातल्याच गोहलपुरातला एक शिलाई कारागीर. त्याच्या नावावर त्याच्या मागच्या माणसाचं साफ चित्र लागलं, आणि हा खोकत खोकत पुन्हा मशीनवर जाऊन बसला. तीन आठवड्यांनी रक्त पडलं तेव्हा टीबी निघाला. एक्सरे मशीनमधली मूळ चित्रं बरोबर होती. टेक्निशियनने पडद्यावर बघून रिपोर्टसाठी सेव्ह केलेली चुकीची होती. हॉस्पिटलने आम्हाला विचारलं होतं, की तुमच्या सेटमुळे असं होऊ शकतं का.

कागदावर उत्तर तयारच होतं. आमच्या ड्रायव्हरमध्ये प्रत्येक पत्ता तपासला जातो, सबब अशी अदलाबदल होणे शक्य नाही, चूक हाताळणाऱ्या व्यक्तीची असावी. वाक्यातलं अक्षरन् अक्षर मला खरं वाटलं. पत्ता तपासला जातच होता. मी बिस्किट खाली ठेवलं, सही केली आणि बिस्किट परत उचललं. कोड उघडून बघितला नाही. त्या सहीवर हॉस्पिटलने टेक्निशियनला निलंबित केलं, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ते सांगायला ती स्वतः आली. वंदना मेश्राम तिचं नाव. इथल्या सरकारी फॅक्टरीतून रिटायर झालेल्या बापाची थोरली लेक, नऊ वर्षांची पक्की नोकरी. हातात माझ्या पत्राची झेरॉक्स. खालचं मराठी आडनाव वाचून पत्ता काढत रिछाईला आली होती. मी बाहेर गेले तर उभीच होती, बस म्हटलं तरी बसली नाही.

तिने हॉस्पिटलातलं सगळं सांगितलं. चौकशी बसली आहे, आठ दिवसांत निकाल आहे, नोकरी जाईल. आणि गेली तर जबलपूरमध्ये दुसरं कोणी घेणार नाही, कारण पेशंटची अदलाबदल करणारी बाई म्हणून नाव झालंय. मी काय केलं असेल? मी चिडले. आमचं कार्ड असं करत नाही, तुमच्याकडून घाईत दुसरं बटण दाबलं गेलं असेल, असं तोंडावर सांगितलं. वर पत्ते कसे तपासतो त्याचं दहा मिनिटं व्याख्यान दिलं. तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं,

"तुम्ही स्वतः पाहिलं का ताई, का नुसती सही केली?"

तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती तिच्यावर नव्हती, एवढं कळायला मला थोडा वेळ लागला.

म्हणाली, "मी नऊ वर्षं हेच करून राहिली. माझ्या हातून चुकलं असतं तर मीच पहिले सांगितलं असतं. मी काहून खोटं बोलू? मशीनवर बसवा मला."

बसवलं. आमच्या चाचणीच्या खोलीत तोच सेट होता. चाचणीची चित्रं म्हणजे नुसते मोठे आकडे असत, वर नावाच्या पट्टीत "सात" आणि खाली चित्रात ७, असं. आमची मुलं-मुली ही चाचणी कशी करत? एक बटण दाबायचं, पडदा बघायचा, फॉर्मवर बरोबरची खूण करायची, मग पुढचं. हजारो वेळा केलेली चाचणी, एकदाही चूक नाही. वंदना बसली आणि दोन बोटांनी सुरू झाली: सेव्ह, पुढे, सेव्ह, पुढे. हाताकडे बघत नव्हती. तिच्याकडे ओपीडीच्या वेळेला बाहेर साठ-सत्तर माणसं ताटकळत असतात, लहान मुलं रडत असतात, फॉर्मवर खुणा करायला वेळ कोणाला? मी मागे उभी राहून सेव्ह झालेली चित्रं बघत होते. दहा झाली, वीस झाली, सगळी ठीक. मी मनातून पुन्हा ताठ होत होते. तेवढ्यात एक आलं. पट्टीवर "चौतीस" आणि खाली भला मोठा ३५. त्याच्या पुढचंच, पट्टीवर "पस्तीस" आणि खाली ३६.

ती थांबली नव्हती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

कारण मला तिथेच कळलं होतं. कोड उघडायची गरज नव्हती, तरी उघडला. सेव्हसाठी आलेली चिठ्ठी दोनदा वाचली जात होती. पहिल्यांदा तपासताना ड्रायव्हर तिच्यातून पेशंटच्या नावाची पट्टी काढून घेई, आणि मग कार्डाला पाठवताना चित्राचा पत्ता त्याच मूळ चिठ्ठीवरून पुन्हा वाची. मधल्या त्या एवढ्याशा फटीत वंदनाचं बोट "पुढे"वर पडलेलं असे, आणि वरच्या प्रोग्रामने त्याच चिठ्ठीवर पुढच्या पेशंटचं लिहून टाकलेलं असे. दोन्ही पत्ते खरे, दोन्ही त्याच प्रोग्रामच्या जागेतले, तपासणी दोन्हींना पास करी. नाव एकाचं, छाती दुसऱ्याची. संथ हाताला हे कधीच दिसलं नसतं. जिचा हात चालतो, जी सत्तर माणसांचं काम एका सकाळी उरकते, तिलाच हे चावणार होतं. आणि आम्ही हॉस्पिटलला पत्र लिहून कळवलं होतं की चूक तिची असावी.

कोडमध्ये कोणती ओळ कोणी बदलली ते नावासकट लिहिलेलं असतं. त्या ओळीपुढे माझं नाव होतं, दुसरं कोणाचं नव्हतं.

त्याच दुपारी मी उतरवून घेणं परत घातलं. दहा-बारा ओळींचं काम. मग म्हटलं, मोजून तर बघू, ते काढून आपण किती वेळ वाचवला होता. मोजलं. काहीही नाही. पडदा अडखळत होता तो वेगळ्याच कारणाने, आणि ते त्याच आठवड्यात कोणीतरी दुरुस्त केल्यामुळे डॉक्टर खूश झाले होते. म्हणजे हे सगळं फुकाफुकी झालं. मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि तिवारीजींच्या खोलीत गेले.

ते वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "सुधार दिया ना आपने? बस, अगले वर्ज़न में भेज देंगे. बताने की क्या ज़रूरत है?" मी म्हटलं, पत्र परत घ्यायचंय, ते खोटं आहे. ते म्हणाले, आज एका हॉस्पिटलला सांगितलं तर उद्या सगळे आपापले जुने एक्सरे काढून बसतील. मी म्हटलं, बसायलाच पाहिजे. चलो, सोचते हैं, असं म्हणून त्यांनी फोन उचलला. मी उठून बाहेर आले. पत्र त्यांनी परत घेतलं नाही ते नाहीच.

मग चौकशीच्या दिवशी मी रजा टाकून हॉस्पिटलात गेले. मला बोलावलेलं नव्हतं. टेबलामागे तीन जण होते, त्यांतले एक मोठे डॉक्टर. वंदना भिंतीशी खुर्चीवर बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी. मी सांगितलं, हे पत्र माझं, ते चुकीचं आहे, ड्रायव्हर मी लिहिला आहे आणि दोष त्यात आहे. त्यांना पटेना. शेवटी त्यांच्याच सेटवर आकड्यांची चित्रं टाकून वंदनाला बसवलं. दोन मिनिटांत पट्टीवर "एकोणीस" आणि खाली २० आलं. मोठे डॉक्टर चष्मा काढून जवळ जाऊन बघत राहिले. मला वाटलं, सुटली पोर.

तेवढ्यात टेबलामागचे दुसरे एक जण म्हणाले, "तो इनको थोड़ा धीरे करना चाहिए था."

अहो, काय हे. बाहेर माणसांची रांग लावायची तुम्ही, हात चालव म्हणून ओरडायचं तुम्ही, सेट घेतला कशासाठी तर काम वेगात व्हावं म्हणून, आणि आता तिने हळू करायला हवं होतं? मी तिथे आवाज चढवला, लपवत नाही. हिने हळू केलं असतं तर हा दोष आजही तिथेच असता आणि अजून कोणाची तरी छाती कोणाच्या तरी नावावर लागली असती, असं मी त्यांना म्हटलं. चहा आला म्हणून मी गप्प बसले.

निलंबन मागे घेतलं त्यांनी. कागद मिळाला, वंदनाने मला आणून दाखवला. त्यात यंत्राचं नाव नाही, ड्रायव्हरचं नाही, माझं नाही. लिहिलं होतं, संदेह का लाभ देते हुए बहाल किया जाता है, भविष्य में जल्दबाज़ी न करें. ती वाचून दाखवत होती तेव्हा तिचा आवाज साधाच होता, मला मात्र कागद हातातून घेऊन फाडावासा वाटला. संशयाचा फायदा. संशय उरला होता कुठे? त्यांच्या डोळ्यांसमोर एकोणिसाचे वीस झाले होते.

आमच्याकडे ड्रायव्हरचं पुढचं व्हर्जन निघालं. सोबतच्या पत्रकात काय बदल केले त्याची यादी असते. या बदलाची नोंद "स्थिरतेत किरकोळ सुधारणा" अशी झाली. मी खोडून खरं लिहिलं, ते छापताना परत किरकोळ झालं. मी भांडले. मग कधीतरी भांडायची थांबले, नोकरी करत राहिले आणि मानाने निवृत्त झाले. नारळ, शाल, भाषणं. तिवारीजींनी भाषणात सांगितलं, मैडम ने कभी कोई ग़लती जाने नहीं दी. मी माइक मागून घ्यायला हवा होता. घेतला नाही.

गोहलपूरचा कारागीर औषधं घेऊन बरा झाला, त्याच्या बायकोलाही लागण झाली होती, तीही बरी झाली. पनागरचा शेतकरी नागपूरहून हसत आला. दोघांनाही आजपर्यंत हेच ठाऊक आहे की हॉस्पिटलातल्या बाईने गडबड केली.

यंदा उन्हाळ्यात वंदना घरी आली होती. तिच्या हॉस्पिटलात एक्सरे विभागाच्या मुख्याची जागा निघाली, हक्क तिचा होता. तिच्यानंतर सहा वर्षांनी लागलेल्याला दिली. फाइलमध्ये तो जल्दबाज़ीचा शेरा अजून आहे. मी तिला म्हटलं, मी पुन्हा येते, पुन्हा लिहून देते. ती म्हणाली, आता तिथे त्या वेळचं कोणी राहिलं नाही, तुमचं कोण ऐकणार?

मी म्हटलं, आपल्या मंडळाच्या अंकात लिहिते. तुझं नाव बदलून लिहीन, काळजी करू नको.

तिने माझ्याकडे बघितलं. "बदलू नका ताई. बदललं तर उपयोग काय? त्या कागदावर माझंच नाव आहे, पूर्ण. तुम्हीही पूर्ण लिहा."

तर पूर्ण लिहिते. वंदना भीमराव मेश्राम, एक्सरे टेक्निशियन, यांच्या हातून त्या दिवशी कोणतीही चूक झाली नाही. त्यांनी घाई केली नाही, त्यांचं काम केलं. चूक ड्रायव्हरमध्ये होती, ती मी, सुनंदा प्रभाकर देवतळे, हिने केली, आणि ती करताना मला नियम ठाऊक होता. ज्यांना कोणाला हे पान कापून फाइलला लावायचं असेल, त्यांनी खुशाल लावावं.